समुद्र नसलेल्या तालुक्यातला समुद्रविज्ञान पुरस्कार : एक प्रकरण अभ्यास

"आपला आठे समुद्र कोठे शे भो?"

हा प्रश्न गेल्या वर्षी मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी उत्तर देणंच सोडलं. प्रश्न बरोबर आहे म्हणा. आमचा तालुका तापीकाठचा. इथे केळी, कापूस, मका, हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि मे महिन्यात डोकं फिरवणारं ऊन. समुद्र पाहायचा तर भुसावळहून सुरतेची पॅसेंजर धरायची आणि अख्खा दिवस गाडीत घालवायचा. अशा गावात आमच्या विज्ञान मंडळाने ठरवलं की यंदाचा पुरस्कार समुद्रविज्ञानातल्या कामासाठी द्यायचा, आणि त्यातून जे रामायण घडलं ते सगळं लिहून काढतोय, कारण बाकीच्या तालुक्यांतली मंडळंही असे पुरस्कार देतात, त्यातल्या काहींचे फॉर्म मी पाहिलेत, आणि आम्ही जिथे ठेचकाळलो तिथेच ते पण ठेचकाळणार आहेत असं दिसतंय.

मंडळ छोटंसं. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, मूळच्या खान्देशातल्या एका माणसाला ११ हजार रुपये, शाल, श्रीफळ, मानपत्र. पैसे देतात गावातले एक व्यापारी, त्यांना सगळे शेठ म्हणतात. कमिटीत आम्ही पाच जण: रिटायर हेडमास्तर आबा हे अध्यक्ष, भूगोलाचे सर, ज्युनियर कॉलेजच्या बायोलॉजीच्या मॅडम, शेठचा एक माणूस, आणि मी चिटणीस, म्हणजे हिशोब लिहिणारा आणि खुर्च्या मोजणारा.

समुद्राची आयडिया भूगोलाच्या सरांची. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे समुद्रविज्ञानाचं दशक म्हणून जाहीर केलंय वगैरे त्यांनी सांगितलं, त्यावर आबांनी फक्त जांभई दिली. मग सरांनी दुसरा पत्ता टाकला. म्हणाले, आबा, २०१९ ची दिवाळी आठवते का? आठवते का म्हणजे काय, वेचणीला आलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडला होता, मक्याच्या कणसांना कोंब फुटले होते, आबांचं स्वतःचं शेत त्यात होतं. सर म्हणाले, त्या वेळी अरबी समुद्रात क्यार नावाचं महाचक्रीवादळ होतं, त्याच्या मागोमाग महा नावाचं दुसरं वादळ आलं, आणि त्या वर्षी हिंद महासागराचा आफ्रिकेकडचा भाग जास्त तापलेला होता अन् सुमात्राकडचा थंड. ह्या प्रकाराला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. १९९९ साली नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी तो मांडला, चारातली तीन नावं आपल्या देशातली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९९७ ला, एवढा मोठा एल निनो (प्रशांत महासागर तापतो अन् आपला पाऊस बऱ्याचदा घटतो तो) असून आपल्याकडे पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला होता, त्यातही ह्या डायपोलचा हात होता असं मानतात. म्हणजे समुद्र आपल्या गावात नाही पण आपल्या पावसात आहे. आबा जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, घ्या मग लिहून.

इथपर्यंत सगळं छान. गडबड पुढे झाली, आणि ती माझीच.

फॉर्म मी बनवला होता. बनवला कसला, एका कॉलेजच्या प्रमोशनच्या फॉर्मवरून उतरवला. शोधनिबंधांना ४० मार्क, पेटंटला १०, आधी मिळालेल्या पुरस्कारांना २०, परदेशी परिषदांना १०, पदाला २०. झाले शंभर. तेव्हा वाटलं काय भारी सिस्टीम बसवली, आता कोणी म्हणणार नाही की वशिल्याने दिला.

तीन नावं आली. पहिलं आमच्याच तालुक्यातून शिकून परदेशात गेलेल्या एका शास्त्रज्ञांचं, प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर, काम, शोधनिबंधांची यादीच अकरा पानांची. दुसरं एका कॅप्टनचं, मालवाहू जहाजावर असतात, एका पुढाऱ्यांचे भाचे, शिफारस पुढाऱ्यांच्या लेटरहेडवर आणि त्यात लिहिलेलं की "आयुष्याची वीस वर्षे समुद्रात घालवली". तिसरा फॉर्म मॅडमच्या एका विद्यार्थिनीने भरलेला, तिच्या मामांसाठी. मामा तापीकाठच्या भोई घरातले, वडील नदीत जाळं टाकायचे आणि उन्हाळ्यात वाळूत डांगराच्या वाड्या लावायचे. मामा बीएस्सी केमिस्ट्री करून गोव्याकडच्या एका समुद्रसंशोधन संस्थेत लॅब असिस्टंट म्हणून लागले आणि तिथेच तंत्रज्ञ म्हणून रिटायर झाले. तीस वर्षांच्या वर नोकरी, त्यातला बराच काळ संशोधन जहाजांवर. शोधनिबंध शून्य. पेटंट शून्य. पुरस्काराच्या रकान्यात पोरीने प्रामाणिकपणे लिहिलेलं, "शाळेत असताना पोहण्यात पहिला नंबर".

मार्क टाकले. शास्त्रज्ञ ८६. कॅप्टन २०, कारण पदाचे पूर्ण दिले. मामा ४.

कॅप्टन २० आणि मामा ४ हे बघून मॅडमनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, समुद्रविज्ञानाच्या पुरस्कारात ज्याने समुद्राचं पाणी आयुष्यभर मोजलं त्याला चार मार्क आणि ज्याने त्याच्यावरून कंटेनर नेले त्याला वीस, तर चूक माणसांत नाही, फॉर्ममध्ये आहे. मला राग आला, खरं सांगतो. पण बोलायला तोंड नव्हतं.

कॅप्टनचं प्रकरण लवकर मिटलं आणि तेही त्यांच्यामुळेच. सरांचं म्हणणं होतं की व्यापारी जहाजांना इतकं हसू नका, १९३१ पासून कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर नावाचं यंत्र मालवाहू जहाजंच मागे बांधून ओढतायत, त्यात रेशमाच्या पट्टीवर प्लवक अडकत जातात, अॅलिस्टर हार्डीने सुरू केलेलं हे काम अजून चालू आहे, तसंच अनेक जहाजं वाटेत हवामानाच्या नोंदी पाठवतात. तर फोन करून विचारा, यांनी असलं काही केलंय का. फोन केला. कॅप्टन हसले, म्हणाले, नोंदी पाठवतो आम्ही, पण त्या ड्युटीवरचा ऑफिसर घेतो, मी सही करतो, माझ्या पुढारी मामांनी पत्र दिलं ते मला माहीतच नाही, माझं नाव काढून टाका. भला माणूस. पुढाऱ्यांना काय सांगायचं ते आबांनी बघून घेतलं.

उरले दोन. इथून खरा वाद.

शेठच्या माणसाचं म्हणणं सरळ होतं, आणि ते मी उडवून लावणार नाही कारण गावात बहुतेकांचं तेच म्हणणं असतं. तो म्हणाला, भाऊ, पगार घेतला ना त्यांनी? पेन्शन चालू आहे ना? मग जे काम नोकरी म्हणून केलं त्याचा सत्कार कसला, उद्या पोस्टमनचा पण कराल. मॅडम म्हणाल्या, शास्त्रज्ञ काय उपाशीपोटी शोध लावतात? तो म्हणाला, पण शोध तरी लावतात. हा "शोध तरी लावतात" बैठकीत घुमत राहिला, कोणालाच पटकन उत्तर सुचेना.

मग सरांनी मारी थार्पची गोष्ट सांगितली. बाई अमेरिकेत समुद्रतळाचे नकाशे काढायच्या. त्या काळी बायकांना संशोधन जहाजावर घेत नसत, म्हणून पुरुष जहाजावरून खोलीचे आकडे आणायचे आणि ह्या टेबलावर बसून ते कागदावर उतरवायच्या. १९५२ च्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं की अटलांटिकच्या मधल्या डोंगररांगेच्या ऐन माथ्यावर एक दरी चाललीय, म्हणजे तळ तिथे फाटतोय. सहकारी ब्रूस हीझन आधी म्हणाले ह्या बायकी गप्पा आहेत. नंतर पटलं. १९५६ ला जो शोधनिबंध आला त्यावर हीझन आणि ईविंग यांची नावं, बाईंचं नाही. १९९७ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने विसाव्या शतकातल्या चार थोर नकाशाकारांत त्यांना बसवलं, तेव्हा त्या सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. सर म्हणाले, माझ्यासमोर १९५६ मध्ये हा फॉर्म आला असता तर त्या शोधनिबंधाचे मार्क मी बाईंना शून्यच दिले असते.

हे ऐकायला भारी आहे, पण मी तिथेच म्हणलं की ह्याने आपल्या मामांचं काही सिद्ध होत नाही. थार्पबाईंनी दरी स्वतः ओळखली होती. नाव गाळलं गेलं म्हणजे प्रत्येक गाळलेला माणूस मोठा, असं होत नसतं. रिटायरमेंटला सगळ्यांनाच घड्याळ मिळतं. तीस वर्षं इमानदारीने नोकरी ही चांगलीच गोष्ट, पण "उत्कृष्ट योगदान" म्हणायचं तर आणखी काहीतरी दाखवा. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, मग शोध की, चिटणीस कशाला झालास?

तर मी आणि मॅडम आठ दिवस फोन करत बसलो. मामांना नाही केला, त्यांच्याबरोबर जहाजावर गेलेल्यांना केला. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराचा जो बारीक परिच्छेद असतो, जो कोणी वाचत नाही, तिथून नावं काढली. हा परिच्छेद वाचायची सवय लावून घ्या, पुरस्कार कमिटीवाल्यांनो, निम्मा समुद्र तिथे असतो.

एका रिटायर शास्त्रज्ञांनी पाऊण तास फोन ठेवला नाही. त्यांनी जे सांगितलं ते समजायला आधी थोडं केमिस्ट्री. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत असा एक थर आहे जिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. वरून मेलेले प्लवक पडत राहतात, जिवाणू ते कुजवताना ऑक्सिजन संपवतात, आणि नवं ताजं पाणी तिथे पुरेसं पोचत नाही. मासळी, हवामान, नायट्रस ऑक्साइड, सगळ्याशी ह्या थराचा संबंध, म्हणून तो मोजत राहावा लागतो. मोजायचा कसा, तर जहाजावरून केबलला एक चौकट सोडतात, तिच्यावर निस्किन बाटल्यांचा गोल, ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची. वर आल्यावर सगळ्यात आधी ऑक्सिजनचा नमुना काढायचा, बाकी सगळं नंतर. नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत घालायची, पाणी भरून वरून वाहू द्यायचं, एक बुडबुडा राहता कामा नये, कारण त्या बुडबुड्यातल्या हवेत जेवढा ऑक्सिजन असतो तेवढा त्या पाण्यात नसतो. लगेच मँगनीजचं द्रावण आणि अल्कली आयोडाइड टाकायचं, तपकिरी साका बसतो, मग आम्ल टाकलं की आयोडीन सुटतं, ते थायोसल्फेटने मोजायचं. विंकलरची पद्धत. एकोणिसाव्या शतकातली, अजून चालते. आणि हे सगळं हलत्या जहाजावर, रात्री तीनला, पावसाळ्यात.

आता तो किस्सा. एका सफरीवर सहाशे मीटरवर ऑक्सिजन चांगलाच निघाला, जिथे शून्याजवळ निघायला हवा तिथे. जहाजावरची तरुण पोरं खूश, नवीन काहीतरी सापडलं म्हणून. कोणीतरी आलेख पण काढला. मामा गप्प. त्यांनी त्याच बाटलीतल्या पाण्याची क्षारता आणि नायट्रेट तपासायला लावलं, तर तिन्ही आकडे मिळून सहाशे मीटरचे वाटेनात, वरच्या पाण्याशी जुळायला लागले. मग त्यांनी त्या बाटलीचं झाकण काढून ओ-रिंग, म्हणजे झाकणाची रबरी कडी, बघितली, ती एका जागी चिरलेली. बाटली वर येताना बाहेरचं पाणी आत घेत होती. रिंग बदलली, चौकट परत सोडली, ऑक्सिजन पुन्हा शून्याजवळ. मग ते मागच्या चार ठाण्यांच्या, म्हणजे जहाज थांबवून नमुने घेतले त्या जागांच्या, वह्या घेऊन बसले आणि त्या बाटलीचा प्रत्येक आकडा लाल पेनाने कापला. शास्त्रज्ञ म्हणाले, त्या रात्री त्याने आम्हाला एका चुकीच्या शोधातून वाचवलं, आणि चुकीचा शोध न लागण्याचा पेपर कुठे छापत नाहीत हो.

झालं. "शोध तरी लावतात" ला उत्तर मिळालं होतं. मी पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा शेठचा माणूस म्हणाला, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? आता काय बोलणार.

तरी निर्णय लगेच झाला नाही. परदेशातल्या शास्त्रज्ञांचं काम खरोखर मोठं होतं, ते खोटं पाडायचा प्रश्नच नव्हता. मॅडमनी तेव्हा एक वेगळंच उदाहरण काढलं आणि माझ्या मते बाजी तिथे पलटली. कॅथलीन ड्र्यू-बेकर, इंग्लंडातल्या शेवाळतज्ज्ञ. लग्न केलं म्हणून मँचेस्टर विद्यापीठातली शिकवायची नोकरी गेली, मग बिनपगारी संशोधन करत राहिल्या. जपानमध्ये नोरी नावाचं खायचं शेवाळ पिकवतात, पण त्याचं बी येतं कुठून हे कोणालाच माहीत नव्हतं, पीक आलं तर आलं, म्हणून त्याला जुगाऱ्याचं गवत म्हणायचे. ह्या बाईंनी १९४९ मध्ये नेचरमध्ये दाखवलं की शिंपल्यात राहणारं जे वेगळंच शेवाळ समजलं जात होतं ती नोरीच्याच जातीची एक अवस्था आहे. जपानी संशोधकांनी ते धरलं, शिंपल्यांवर बी तयार करायला लागले, आणि कोळ्यांचा धंदा उभा राहिला. बाई १९५७ मध्ये वारल्या, जपानला कधी गेल्याच नाहीत. १९६३ मध्ये कुमामोतोकडच्या उतो गावी कोळ्यांनी वर्गणी काढून त्यांचं स्मारक बांधलं, आणि दरवर्षी १४ एप्रिलला तिथे अजून उत्सव होतो.

मॅडम म्हणाल्या, त्यांचा सत्कार कोणी केला बघा. ज्यांचं पोट त्या कामावर चाललं त्यांनी. आपण पण तेच विचारू या, की ह्या माणसाने हे केलं नसतं तर नेमकं कोणाचं काय अडलं असतं, आणि ज्याचं अडलं असतं त्यालाच फोन लावू या.

फॉर्म फाडला. त्या एका प्रश्नावर दोन्ही नावं परत घेतली. परदेशातल्या शास्त्रज्ञांसाठी त्यांनीच दिलेल्या दोन नावांना ईमेल केला, उत्तरं चांगली आली पण गुळगुळीत, कोणाबद्दलही लिहिता येतील अशी. मामांबद्दल लोक किस्से सांगत होते, बाटलीचा नंबर सांगत होते. अर्थात ही तुलना शंभर टक्के न्यायाची झाली असं मी म्हणणार नाही. एकाची चौकशी फोनवर मराठी-हिंदीत आणि दुसऱ्याची ईमेलवर इंग्रजीत, फरक पडणारच. पुढच्या वेळी दोघांनाही फोन, हे मी वहीत लिहून ठेवलंय.

चार विरुद्ध एक. मामा.

शेठ नाराज झाले. त्यांना स्टेजवर परदेशातला माणूस हवा होता, पाहुणे बोलावले होते. त्या वर्षी रक्कम ११ हजारांची ५ हजार झाली आणि मोठ्या हॉलऐवजी शाळेचं सभागृह घ्यावं लागलं. सरांनी त्यांना समजवायला मोठमोठे दाखले दिले, की शास्त्रज्ञांना मिळणाऱ्या भटनागर पुरस्काराला पंचेचाळीस वर्षांच्या आतल्या वयाची अट होती म्हणजे तीस वर्षं मोजत बसणारा त्यातून आपोआप बाहेर, आणि आता २०२४ पासून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारात टीमसाठी वेगळा पुरस्कार आलाय, पहिला चांद्रयान-३ च्या टीमला दिला, म्हणजे सरकारलाही कळलंय की विज्ञान एकट्याने होत नाही. शेठ म्हणाले, टीमला द्या मग, मला फोटोत एक माणूस लागतो. यावर काय बोलणार.

आमची सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच निघाली. एवढं सगळं झालं आणि मामांना कोणी विचारलंच नव्हतं. मी आणि आबा त्यांच्या गावी गेलो. अंगणात बसलेले, भाची चहा करत होती. सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आबांना म्हणाले, "मी ते आखी जिंदगी निस्तं पानी भरं, मना कसाना सत्कार करतस?" आबांनी ओ-रिंगचं नाव काढलं. तर एकदम ताठ बसले. "ते कोनी सांगं तुमले?" आणि मग दोन तास. आर्गोचे फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडायची मोजणीची तरंगती यंत्रं, दोरीने कसे हळू पाण्यात उतरवायचे, ते नंतर दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवरून आपोआप वर येऊन उपग्रहाला आकडे कसे देतात, सागर कन्या ह्या संशोधन जहाजावर पहिल्यांदा गेले तेव्हा चार दिवस उलट्या कशा झाल्या, तापीत पोहणाऱ्याला पण समुद्र लागतोच.

तयार झाले, दोन अटींवर. आम्ही फ्लेक्स छापायला टाकला होता, त्यावर नावापुढे "ज्येष्ठ शास्त्रज्ञ". ते म्हणाले शास्त्रज्ञ नका लिहू, मी तंत्रज्ञ आहे, खोटं कशाला. फ्लेक्स परत छापला, आठशे रुपये गेले. दुसरी अट, भाषण करणार नाही, प्रयोग करून दाखवीन.

२८ तारखेला पहाटे ते अकरावीच्या तीन पोरांना घेऊन तापीवर गेले. प्रत्येकाने एकेक बाटली भरली, तिथेच रसायनं टाकून ऑक्सिजन पक्का केला, झाकणं लावून बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. सभागृहात टेबलावर ब्युरेट, स्टार्च, कॉलेजच्या लॅबमधून आणलेलं थायोसल्फेट. प्रमुख पाहुणे शाल घेऊन उभे. मामांनी पहिली बाटली उजेडात धरली, ठीक. दुसरी धरली, ठीक. तिसरी धरली आणि तशीच परत फडक्यात ठेवून दिली. मानेजवळ एक बुडबुडा होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. ज्याने ती भरली होती तो पोरगा लाल झाला. पाहुणे मोठ्या मनाने म्हणाले, अहो लहान आहे तो, चालेल, करा त्याच्यावर पण.

मामा म्हणाले, "नई चालत साहेब," आणि पोराला जवळ बोलावून बाटलीचं तोंड तिरपं कसं धरायचं ते दाखवायला लागले. पाहुणे शाल घेऊन उभेच.